दारूशिवाय माणसं जोडायची तर बडोदा की इंदूर?

तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही चाकणला डिझाइनमध्ये आहात, वय 33, एकटे राहता, 10 महिन्यांपूर्वी दारू सोडलीत आणि सोडल्यावर लक्षात आलं की पुण्यातलं तुमचं सगळं भेटणं-बोलणं दारूभोवतीच होतं. मित्र अजून बोलावतात पण तिथे जाऊन बसवत नाही, न जावं तर शनिवार खायला उठतो. आता हातात दोन ऑफर आहेत, एक बडोद्याजवळ मंजुसरची आणि एक इंदूरजवळ पिथमपूरची, पगार जवळपास सारखाच. गुजरातेत दारूबंदी आहे तर डोळे मिटून बडोदा घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय शेवटी जाता जाता दोन गोष्टी लिहिल्यात, की इंदूरला राजेंद्र नगरमध्ये मावशी राहते आणि लहानपणी चारेक वर्षं तबला शिकला होतात. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या दोन गोष्टींतच आहे, त्याकडे येतेच.

मी बडोद्यात व्यसनमुक्तीचं समुपदेशन करते, बरीच वर्षं झाली. माहेर इंदूरचं, रामबागेतलं, आणि सासर इथे दांडिया बाजारात, त्यामुळे दोन्ही गावं पाहुणी म्हणून नाही तर घरातली म्हणून माहितीयेत.

आधी खरी अडचण काय आहे ते बघू. माझ्याकडे नुकतीच सोडलेली माणसं येतात त्यांना मी विचारते, की बसायचात तेव्हा पिण्याशिवाय अजून काय काय मिळायचं? पहिल्यांदा लोक गोंधळतात, मग हळूहळू सांगायला लागतात. जागा ठरलेली असायची. वार ठरलेला असायचा. कोणी आमंत्रण द्यायला लागत नव्हतं, नुसतं जाऊन पोचलं तरी खुर्ची सरकवून देत होते. तीन तास बसलं तरी कोणी ऊठ म्हणत नव्हतं. आणि एरवी तोंडातून निघालं नसतं असं काहीबाही बोलून व्हायचं, बापाशी भांडण झालेलं, नोकरीची भीती वगैरे. म्हणजे ग्लास बाजूला ठेवला तरी माणसाला लागणाऱ्या चार-पाच गोष्टी त्या टेबलावर एकत्र मिळत होत्या. दारू सोडली की त्या सगळ्याच एकदम जातात आणि आपण म्हणतो करमत नाही. त्यामुळे गाव निवडताना तिथे दारू मिळते की नाही यापेक्षा या बाकीच्या गोष्टी तिथे कुठे मिळतील ते बघायला हवं.

यातही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट, कार्यक्रम संपल्यावर लोक रेंगाळतात का. ओळख कार्यक्रमात होत नाही हो. व्याख्यान, मैफल, योगाचा क्लास, नाटक, सगळीकडे आपण गप्प बसून समोर बघत असतो. मैत्री होते ती नंतरच्या अर्ध्या तासात, चपला शोधताना, गाडीला टेकून, चहाच्या टपरीवर. दारूच्या बैठकीत कार्यक्रम आणि रेंगाळणं एकच असतं म्हणून ती इतकी सोपी जाते. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीत हे रेंगाळणं आहे की नाही ते मुद्दाम बघावं लागतं. जिम लावलेले कितीतरी जण मला सांगतात की वर्ष झालं, एकही मित्र नाही झाला, कारण तिथे प्रत्येक जण कानात गाणी घालून येतो आणि घाम पुसत निघून जातो.

आता दारूबंदीचं बघू. गुजरात 1 मे 1960 ला वेगळं राज्य झालं तेव्हापासून इथे बंदी आहे, मूळ कायदा त्याआधीचा, मुंबई राज्याचा 1949 चा. त्याचा तुमच्यासारख्याला खरा फायदा आहे, तो मी अजिबात कमी लेखत नाही. ऑफिसची पार्टी असो, हॉटेलातलं जेवण असो, लग्नाचं रिसेप्शन असो, समोर बार नसतो, आणि मुख्य म्हणजे "का रे, घेत नाहीस?" हा प्रश्नच येत नाही. पहिल्या वर्षात हा प्रश्न माणसाला फार थकवतो. दर वेळी उत्तर द्यायचं, दर वेळी कोणीतरी "एकाने काय होतंय" म्हणणार. बडोद्यात ते ओझं नसतं. रात्री अकराला सुद्धा बायका, पोरं, आजी-आजोबा सगळे आईस्क्रीम खायला बाहेर असतात, त्यामुळे एकट्याने बाहेर पडलं तरी आपण चुकीच्या जागी आलो असं वाटत नाही.

पण बंदी आहे म्हणजे दारू नाही असं समजून येऊ नका. ती इथे लपून घरात, फार्महाऊसवर गेलेली आहे, लाँग वीकेंडला गाड्या भरून दमणला आणि आबूला जातात. आणि चोरून मिळणारी किती घातक असते ते 2022 च्या जुलैत बोटाद भागात दिसलं, विषारी दारूने 40 हून जास्त माणसं गेली. दुसरं असं की लपून पिणाऱ्यांचा गट फार घट्ट असतो, आणि नव्या माणसाला त्यात घेणं म्हणजे विश्वासाची खूण मानली जाते. कंपनीतला एखादा सीनियर तिसऱ्या महिन्यात तुम्हाला आपलं समजून बोलावेल तेव्हा नाही म्हणणं हे पुण्यातल्या बारमध्ये नाही म्हणण्यापेक्षा जड जाऊ शकतं, कारण तिथे मान दिल्याची भावना असते. तेव्हा बंदीवर सगळा भार टाकू नका. ती मोह जरा लांब ठेवते, पण संध्याकाळ भरून देत नाही, ती तुम्हालाच भरायची आहे.

बडोद्यात ती कशाने भरता येते? सगळे आधी नवरात्राचं सांगतील. खरंच आहे, इथला गरबा अजून गायकांच्या तोंडून, वाद्यांवर, मोठमोठ्या गोल रिंगणांत चालतो, युनायटेड वे या संस्थेच्या मोठ्या गरब्याला अतुल पुरोहित गातात तेव्हा हजारो माणसं एका ठेक्यावर फिरतात, आणि ते बघून कुणालाही वाटेल की राहावं तर इथेच. पण तुमच्या कामाचा गरबा तो नाही. तुमच्या कामाचा म्हणजे सोसायटीतला, जिथे पास लागत नाही, रात्री आरती झाल्यावर कोणीतरी प्रसादाला पातेलंभर काहीतरी आणतं आणि खुर्च्या उचलायला माणसं कमी पडतात. खुर्च्या उचला. नवव्या दिवसापर्यंत अख्खी बिल्डिंग तुम्हाला नावाने ओळखायला लागते. आमच्या मराठी वस्त्यांत, दांडिया बाजार, रावपुरा या बाजूला, हेच गणपतीत होतं.

सणांवरून मात्र गाव ठरवू नका, नऊ रात्री आणि दहा दिवस झाले की वर्षाचे साडेतीनशे दिवस उरतात. त्यासाठी दर आठवड्याला होणारं काहीतरी हवं. तुमचा तबला इथे कामाला येईल. गायक मौलाबक्षांनी महाराजा सयाजीरावांच्या आश्रयाने 1886 मध्ये काढलेल्या गायनशाळेतून पुढे इथल्या सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झाली, तिथे तबल्याचा वेगळा विभाग आहे आणि तिथून शिकून निघालेले लोक गावभर घरी क्लास घेतात. व्यायामाची आवड असेल तर दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, 1880 पासूनचं. आखाड्यात एक गोष्ट फार चांगली असते, जुना माणूस नव्याला धरून शिकवतो, त्यामुळे न बोलणाऱ्याशीही बोलणं होतं. कमाटीबागेत सकाळी फिरणाऱ्यांचे ठरलेले गट असतात, बहुतेक निवृत्त मंडळी, पण तरुण माणूस चार दिवस सलग दिसला की ते स्वतःहून हाक मारतात, आणि पाचव्या दिवशी आला नाहीत तर विचारतात. रविवारी पावागढच्या डोंगरावर जाणारे आहेत, पन्नासेक किलोमीटर आहे, पहाटे निघून चढून उतरून खाली नाश्ता, ते सगळं मिळून सहा-सात तास एकत्र जातात. उलट मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी, 1910 ची, जाड काचेच्या फरशांवर उभी असलेली लोखंडी कपाटं आणि त्यात मराठी पुस्तकंही, ती जरूर बघा, माझी अत्यंत आवडती जागा आहे, पण तिथे पुस्तकं मिळतील, माणसं नाही. एकटेपणावर एकटं बसून वाचणं हा उपाय मी पहिल्या वर्षात कुणालाच सांगत नाही.

इंदूरची गोष्ट वेगळी. तिथे बंदी नाही. 1 एप्रिल 2023 पासून मध्य प्रदेशात दुकानाला लागून बसायचे अहाते बंद झाले एवढंच, बार आणि पब आहेत, विजय नगरच्या बाजूला तर भरपूर, आणि कंपनीतली तरुण पोरं तिकडेच जातात. म्हणजे "का घेत नाहीस" हा प्रश्न तिथे येणार हे धरून चला. पण इंदूरचं जुनं वळण खाण्याचं आहे आणि ते अजून जोरात आहे. सराफा बाजारात रात्री आठ-नऊला सोन्याचांदीची दुकानं बंद होतात आणि त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, दहीवडे, हिवाळ्यात गराडू म्हणजे तळलेला कंद, गरम जलेबी असं सुरू होतं ते मध्यरात्र उलटेपर्यंत. तिथे उभं राहून खातात आणि एका माणसाने एक-एक प्लेट संपवायची पद्धत नाही, चौघांनी मिळून सगळं थोडं थोडं खायचं असतं. म्हणजे रेंगाळायला जागा उत्तम, फक्त सोबत तीन माणसं लागतात, एकट्याने गेलं तर जास्तच एकटं वाटतं, हे मी माहेरी जाऊन-येऊन बघितलेलं आहे. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या म्हणजे सजवलेले चित्ररथ निघतात, गिरण्या कधीच बंद पडल्या पण झांक्या चालू आहेत, रात्रभर गाव रस्त्यावर असतं. मराठी नाटकांसाठी सानंद ही संस्था आहे, सभासद झालं की वर्षभर चांगली नाटकं बघायला मिळतात, पण तेच, नाटक बघून आपण घरी जातो. बघण्यापेक्षा करणाऱ्यांच्या जवळ जा, तालमीला चहा आणणारा माणूस सुद्धा प्रेक्षकापेक्षा लवकर आपला होतो.

हे करण्याचं जे म्हणतेय ते माझ्या कामात मला सगळ्यात उपयोगी पडलेलं आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. एक जण माझ्याकडे यायचा, बाहेरून आलेला, कारखान्यात सुपरवायझर, ओळख लागू नये म्हणून बाकीचं सांगत नाही. सोडून काही महिने झालेले, बडोद्यात कोणी नाही, सातला बसमधून उतरला की खोलीत जाऊन मोबाईल बघत बसायचा. मी त्याला एका भजनी मंडळात पाठवलं. दोन-तीन गुरुवार गेला आणि येऊन म्हणाला की ताई, मला भजनं येत नाहीत, मागे बसतो आणि येतो, काही उपयोग नाही. मी म्हटलं भजन म्हणू नकोस, सतरंज्या तू घालशील असं सांग त्यांना. झालं असं की सतरंज्या घालायला अर्धा तास आधी जावं लागायचं, तेव्हा पेटीवाले काका आणि माईक लावणारा मुलगा एवढेच असायचे. आणि गुंडाळायला शेवटपर्यंत थांबावं लागायचं, मोठी सतरंजी एकट्याने गुंडाळता येत नाही, दोन टोकांना दोघं लागतात, त्या पाच मिनिटांत दुसऱ्या टोकाच्या माणसाशी बोलणं होतंच होतं. पुढे किल्ली त्याच्याकडे आली. एका गुरुवारी ताप आला म्हणून गेला नाही तर काका खोलीवर आले, कारण दार कोण उघडणार? मला जे हवं होतं ते हेच. आपण गेलो नाही तर कुणाला तरी कळलं पाहिजे.

इथे 2018 च्या फेब्रुवारीत 91 वं मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हाही हेच दिसलं. श्रोते म्हणून आलेले श्रोतेच राहिले, पण निवास आणि भोजनाच्या कामाला जे राबले त्यांची एकमेकांच्या घरी ये-जा अजून चालू आहे.

तेव्हा कुठल्याही गावात गेलात तरी सभासद होण्याआधी काम मागा. हिशोब, किल्ली, साउंड, चपलांची व्यवस्था, काहीही चालेल. लाजाळू माणसाला तर हे वरदान आहे कारण बोलायला विषय शोधावा लागत नाही.

आता घराचं, कारण यात लोक फार गोंधळ करतात. कंपनीच्या जवळ घर घेऊ नका. मंजुसर सावली रोडवर आहे, तिथे जवळ राहिलात तर तुमचे शेजारी तेच सहकारी आणि करायला काही नाही. समा, निझामपुरा, कारेलीबाग या बाजूला बघा, बसही सोयीची आणि जुन्या गावात पंधरा-वीस मिनिटांत जाता येतं. एकट्या पुरुषाला काही सोसायट्या घर देत नाहीत, काही ठिकाणी मांसाहार चालत नाही, त्याची तयारी ठेवा आणि आधीच स्पष्ट बोला. पिथमपूर घेतलंत तर तिथे राहू नका, इंदूरात राहा, आणि योगायोग बघा, राजेंद्र नगर त्याच रस्त्याला आहे आणि मराठी वस्ती आहे. घर आणि संध्याकाळची जागा यांत चालत जाण्याइतकं अंतर असेल तर माणूस जातो. सातला दमून उतरल्यावर पुन्हा गाडी काढून दहा किलोमीटर कोणी जात नाही, दोन आठवडे जातो, मग बंद. शिफ्ट फिरती आहे का हेही ऑफर घ्यायच्या आधी विचारा, कारण दर आठवड्याला वेळ बदलली तर ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी जाणं जमत नाही आणि मी वर सांगितलं त्यातलं निम्मं निकामी होतं.

आता तुमची मावशी. तुम्ही लिहिलंय की घरी कोणाला तुमच्या पिण्याबद्दल माहीत नाही. मला वाटतं तुमचा निर्णय दारूबंदीपेक्षा यावर जास्त अवलंबून आहे. मावशीशी तुम्ही मोकळं बोलू शकता का? बोलू शकत असाल, "मावशी, मी प्यायचो, सोडली, आता जपतोय" एवढं तिला सांगता येण्यासारखं नातं असेल, तर मी बडोद्याची असूनही सांगते की इंदूर घ्या. आमंत्रणाशिवाय जाता येईल असं एक घर पहिल्या दिवसापासून असणं, बुधवारी जेवायला आला नाहीत तर फोन येणं, तिच्या ओळखीने तबल्याचे गुरुजी सापडणं, हे सगळं नव्या गावात उभं करायला सहज वर्ष जातं. विजय नगरचे पब असतील तिथे असू देत, तुमची संध्याकाळ दुसऱ्या टोकाला भरलेली असेल.

पण तिच्यापासून लपवावं लागणार असेल, दर वेळी तिच्याकडे जाताना जपून बोलावं लागणार असेल, ती लगेच आईला फोन करून सांगेल अशी भीती असेल, तर ते घर आधार न राहता ताण होईल, आणि पब जवळ असताना असा ताण वाढवू नये. मग बडोदं घ्या. इथे तुम्हाला कोणी ओळखत नाही, मागचं काही सांगायची सक्ती नाही, आणि टेबलावर ग्लास येणार नाही. फक्त पहिले दोन-तीन महिने एकटेपणाचे जातील हे धरून चला.

कुठेही गेलात तरी एक तरी माणूस असा हवा ज्याला खरं माहिती आहे. तो नसेल तर एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडलेल्यांच्या गटाच्या मीटिंगा शोधा, तिथे नुसतं जाऊन बसलं तरी चालतं, आणि मीटिंग संपल्यावर तिथे लोक हमखास रेंगाळतात. अडलंच तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, 14446, पैसे लागत नाहीत. आणि रोजचं एक सांगून ठेवते, मोह बहुतेक वेळा उपाशी, चिडलेल्या, एकट्या नाहीतर थकलेल्या माणसाला गाठतो. बसमधून उतरलात की आधी काहीतरी खा, मग ठरवा कुठे जायचं. ऐकायला क्षुल्लक वाटतं पण संध्याकाळी सातला पोट भरलेल्या माणसाची रात्र सोपी जाते, हे मी खूप जणांत बघितलंय.

शेवटचं, ऑफरला उत्तर द्यायला पंधरा दिवस मागून घ्या आणि दोन्ही गावी एकेक फेरी करा, पण सण किंवा लाँग वीकेंड बघून जाऊ नका. मंगळवारी जा. जिथे घर घ्यायचा विचार आहे त्याच भागात संध्याकाळी सात ते दहा पायी फिरा, ओट्यावर, बाकावर, टपरीवर कोण बसलंय, तुमच्या वयाचं कोणी दिसतंय का, देवळात किंवा हॉलमध्ये काही चालू आहे का ते बघा, काही चालू दिसलं तर सरळ आत जाऊन विचारा की इथे दर आठवड्याला काय असतं आणि मी आलो तर चालेल का. उत्तर काय मिळतं, कोणत्या सुरात मिळतं, ते इथे येऊन लिहा, मावशीबद्दल काय ठरवलंत तेही लिहा, मग घर आणि गुरुजी शोधायला मी दोन्हीकडे मदत करीन.